मूल शाळेतून कुठे गळते? शालेय व्यवस्थेचे चार सांधे आणि पालकांचे काम

मांजरसुंबा हे चौरस्त्याचं गाव. बालाघाटाच्या माथ्यावर धुळे-सोलापूर महामार्गाला इथे पाटोदा-केजचा रस्ता छेदतो. घाट उतरला की बीड, दक्षिणेला चौसाळा, एका बाजूला लिंबागणेश, दुसऱ्या बाजूला नेकनूर. चौकात हॉटेलं, गॅरेज, पंक्चरची दुकानं, फळांच्या गाड्या. दिवाळीच्या आसपास सीताफळांचे ढीग. सकाळी सातच्या सुमारास या चौकात एकाच वयाची दोन प्रकारची मुलं दिसतात. काही पाठीवर दप्तर घेऊन एसटीची वाट बघत असतात. काहींच्या हातात फडकं नाहीतर पाना असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवणारा मुलगा आम्हाला बघून थबकला. सलाम केला. आमचाच विद्यार्थी होता, आठवी पास होऊन गेलेला. आम्ही विचारलं, "स्कूल कू नै जाता क्या रे?" खाली मान घालून म्हणाला, "आठवी के बाद नाम इच नै डाले सर. दाखला घर में इच है."

तो दाखला आम्हीच लिहिला होता. वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक, शाळा सोडण्याचं कारण 'पुढील शिक्षणासाठी'. खाली सही आणि शिक्का. हे पुढील शिक्षण कोणत्या शाळेत, एवढा एक प्रश्न आम्ही त्याच्या अब्बांना विचारला नव्हता. आमच्या रजिस्टरमध्ये तो मुलगा गळालेला नव्हता, रीतसर दाखला घेऊन गेलेला होता. पुढच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याचं नावच नव्हतं, म्हणून तिथेही तो गळाला नाही. दोन रजिस्टरांच्या मधल्या जागेत तो हरवला.

वीस-बावीस वर्षं शिकवून आम्हाला जे कळलं ते एवढंच, की बहुतेक मुलं वर्गात बसलेली असताना गळत नाहीत. एक शाळा संपते आणि दुसरी सुरू व्हायची असते, त्या सांध्यावर ती गळतात. हे सांधे कोणते, तिथे नेमकं काय होतं, कायदा काय देतो आणि पालकांनी काय करायचं, याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

व्यवस्था कशी रचलेली आहे

महाराष्ट्रात पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, नववी-दहावी माध्यमिक आणि अकरावी-बारावी उच्च माध्यमिक अशी विभागणी आहे. खेड्यात सुरुवातीचे वर्ग बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात, पुढचे वर्ग संस्थांच्या अनुदानित हायस्कुलांत. दहावी-बारावीची परीक्षा राज्य मंडळ घेतं आणि आपला बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं ५+३+३+४ अशी नवी मांडणी सांगितली आहे. पण गावातल्या पालकासाठी प्रश्न जुनाच आहे. आपल्या गावातली शाळा कितवीपर्यंत आहे आणि त्यानंतर पोरगं कुठे जाणार?

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी.

शाळाबाह्य मूल कोणाला म्हणायचं, हेही ठरलेलं आहे. ज्याचं नाव शाळेत कधी घातलंच नाही ते तर आहेच. पण नाव पटावर असून जे मूल महिनाभराहून जास्त काळ न सांगता गैरहजर आहे, तेही शाळाबाह्यच धरलं जातं. "नाव तर आहे ना शाळेत" असं म्हणून समाधान मानू नये, ते यासाठी.

आकडे काय सांगतात

देशभरातल्या शाळांची माहिती यू-डायस प्लस या सरकारी यंत्रणेत जमा होते. २०२१-२२ च्या आकड्यांप्रमाणे प्राथमिक स्तरावर वर्षाला सुमारे १.५ टक्के मुलं गळाली, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के आणि माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के. आठवीपर्यंत हळूहळू गळणारी ही धार नववी-दहावीत एकदम चौपट होते. कायद्याचं छत्र जिथे संपतं तिथेच ही उडी आहे.

आपल्या समाजाचं म्हणाल तर न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर शाळेत कधी गेला नव्हता किंवा शाळा सोडून बसला होता, असं त्यात नोंदवलेलं आहे. त्याच अहवालानं एक मोठा गैरसमजही खोडून काढला. शाळेच्या वयाची मुस्लिम मुलं जास्त करून मदरशात जातात असं समजलं जात होतं. प्रत्यक्षात हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे शाळेत नसलेली आपली बहुतेक मुलं मदरशातही नव्हती. ती कामावर होती, नाहीतर घरी.

पहिला सांधा: गावची शाळा संपते तेव्हा

कायदा म्हणतो प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत. पण कित्येक गावांत जिल्हा परिषदेची शाळा अजून चौथीपर्यंतच आहे आणि हायस्कूल पाचवीपासून सुरू होतं, कुठे आठवीपासून. वर्गांची ही जोडणी नीट बसलेली नाही. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या लेकराला दाखला काढून दुसऱ्या गावी जावं लागतं.

आपल्या मुलांसाठी इथेच आणखी एक वळण येतं, ते माध्यमाचं. उर्दू शाळा मोठ्या गावातच असते, ती पुढच्या वर्गापर्यंत असेलच असं नाही. मग पाचवीला किंवा आठवीला मूल उर्दूतून मराठीत येतं. त्या मुलाला गणित येत नसतं असं नाही. काल ज्याला तो 'जमा' म्हणत होता ती आज बेरीज झाली. तफरीक म्हणजे वजाबाकी, जर्ब म्हणजे गुणाकार, तकसीम म्हणजे भागाकार. मुसल्लसचा त्रिकोण होतो, जुगराफियाचा भूगोल. लिहायची दिशासुद्धा बदलते. फळ्यावरचं गणित त्याला सुटतं, प्रश्न मात्र वाचता येत नाही. आणि आम्ही शिक्षक मंडळी शेरा मारतो, 'कच्चा'. दोन महिने 'कच्चा' ऐकलं की पोरगं पोटदुखीचं कारण काढायला लागतं.

ही अडचण फक्त आपल्या मुलांचीच आहे असं समजू नका. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून होतं. त्या काळी मराठी घरातलं मूल नेमकं याच जागी अडखळायचं. जुन्या पिढीतल्या कोणत्याही मराठी आजोबांना विचारा, ते अलिफ-बे कसं गिरवलं ते सांगतील. अडखळणं भाषेचं असतं, अकलेचं नसतं.

पालकांनी काय करायचं? माध्यम बदलायचंच असेल तर आदल्या वर्षापासून तयारी करावी. उर्दू शाळेतही मराठी विषय असतोच, त्यात रोज अर्धा तास जास्तीचा द्यावा. मे महिन्याच्या सुट्टीत गणिताच्या शंभरेक मराठी शब्दांची वही करावी, एका बाजूला उर्दू, समोर मराठी. आम्ही वर्गात हे करून पाहिलं आहे. दिवाळीपर्यंत मूल रुळतं. आणि पुढे दहावीपर्यंत उर्दू शाळा जाण्या-येण्याच्या टप्प्यात असेल तर उर्दूतून शिकण्यात काही कमीपणा नाही. बालभारतीची पुस्तकं उर्दूत आहेत आणि दहावीचा पेपरही उर्दूतून देता येतो.

दुसरा सांधा: वर्षाच्या मधोमध

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मार्च-एप्रिलपर्यंत फडात. बरोबर नेलेलं मूल कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतं, नाहीतर वाढे गोळा करतं. परत येईपर्यंत शाळेचं अर्धं वर्ष गेलेलं असतं.

आपल्या समाजातही काही घरं तोडीला जातात. त्याहून जास्त घरं गवंडीकाम, सेंट्रिंग, फळविक्री, ड्रायव्हरी यासाठी पुणे-मुंबईकडे जातात. कारखान्याचा हंगाम तरी ठरलेला असतो. या घरांचं निघणं आज ठरतं आणि परवा सामान बांधलेलं असतं.

यासाठी असलेल्या सोयी माहीत करून घ्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात. तिथे मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि जेवणाची व्यवस्था योजनेतून होते. २०२१ मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. त्यात ४१ तालुक्यांसाठी मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं ठरली आणि त्यात बीड जिल्हा आहे. मूल बरोबर न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की जाल तिथल्या सरकारी शाळेत मुलाला त्याच्या वर्गात बसवलं जातं.

कायद्याच्या तीन गोष्टी इथे पाठ असाव्यात. पहिली, पुढच्या शाळेसाठी दाखला मागितला की मुख्याध्यापकानं तो लगेच द्यायचा असतो. दुसरी, दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवू शकत नाही. तिसरी, जन्माचा पुरावा नाही किंवा वर्षाची सुरुवात होऊन गेली, या कारणावरूनही प्रवेश नाकारता येत नाही.

मदरशाचा विषयही इथेच येतो. काही पालक मुलाला सहा-सात वर्षांचं असताना हिफ्जसाठी पाठवतात. बारा-तेराव्या वर्षी तो हाफिज होऊन येतो, तेव्हा बाप म्हणतो, आता पहिलीत कसं बसवायचं? पहिलीत बसवायचंच नाही. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशा मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागचा अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं. वय १४ च्या पुढे गेलं तरी आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो हक्क राहतो. ज्या पोरानं अख्खं कुरआन पाठ केलं, त्याची पाठ करण्याची ताकद आणि बसून राहण्याची सवय दोन्ही तयार असते. आमच्या अनुभवात असे विद्यार्थी दीड-दोन वर्षांत वर्गाबरोबर येतात.

तिसरा सांधा: आठवी संपते तेव्हा

सगळ्यात मोठी गळती इथे. याचं कारण मुलाच्या डोक्यात शोधण्याआधी जूनमधला घरखर्च मांडून बघा. आठवीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मिळतं, पुस्तकं मोफत, गणवेश योजनेतून. नववीत हे सगळं एकाच दिवशी बंद होतं. वरून वह्या, गाडीभाडं, शिकवणी. आणि नेमकं याच वयात पोरगं 'हाताखाली यायला' लागतं. चौकातला हॉटेलवाला रोजाचे पैसे द्यायला तयारच असतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीही २०२२ मध्ये केंद्रानं पहिली ते आठवीसाठी बंद करून फक्त नववी-दहावीपुरती ठेवली.

मुलांच्या बाबतीत घरात एक वाक्य ठरलेलं असतं, "पढ के कौनसी नोकरी लगनेवाली है? हुनर सीख." हुनराला आमचा विरोध नाही, आमच्याच घरात मिस्त्री आहेत. पण हिशोब पूर्ण करा. आयटीआयला वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पास चालतो. इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक या ट्रेडना दहावी पास लागते. गॅरेजमध्ये दहा वर्षं घालवून ज्याच्या हातात कला आहे पण कागद नाही, तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नाव नोंदवू शकत नाही. दोन वर्षं आणखी शाळा म्हणजे त्याच हुनराची किंमत वाढवणं.

कायदाही सांगून ठेवतो. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं बंद आहे, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करणं वेगळं. १४ ते १८ वयात धोक्याच्या कामांवर बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुलींचा सांधा जास्त नाजूक आहे. हायस्कूल दुसऱ्या गावी, एसटी वेळेवर नाही, चौकात थांबावं लागतं, लोक बघतात. मग आधी शाळा बंद होते, त्यानंतर "घरात बसून काय करायची?" असं म्हणत स्थळं बघायला सुरुवात होते. क्रम नीट बघा. लग्नामुळे शाळा सुटली असं आपण म्हणतो, पण आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा शाळा आधी सुटली आणि लग्न नंतर ठरलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याची सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. हे सगळ्याच समाजांचं चित्र आहे आणि त्यात आपणही आहोत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लग्नाचं वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ आहे. लग्न लावून देणारे आणि पढवणारे, दोघांवरही गुन्हा होतो. गावात यासाठी ग्रामसेवक हा अधिकारी असतो आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दिवस-रात्र चालतो.

मुलीला पुढे शिकवण्यासाठी काय आहे, तेही बघा. सरकारी आणि अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिकवणी शुल्क नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाहून शाळेला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. आणि आम्ही पाहिलेला सगळ्यात स्वस्त उपाय असा: एका गल्लीतल्या चार मुलींनी एकाच शाळेत, एकाच वेळी नाव घालायचं. एकटी मुलगी चौकात उभी राहिली की घरच्यांचा जीव वर-खाली होतो. चौघी असल्या की ती चिंता निम्मी होते. चार घरांनी मे महिन्यात बसून हे ठरवायला काही खर्च येत नाही.

आठवीत असतानाच एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. परीक्षा उर्दूतूनही देता येते. नेमक्या ज्या वर्षी घर पोराला काढायचा विचार करत असतं, त्याच वर्षी ही संधी असते. सातवीचा निकाल लागला की शाळेत जाऊन विचारा.

आठवीत नापास झाला म्हणून काढतोय, असंही कधी कधी ऐकतो. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. त्यात राहिला तर पुन्हा परीक्षा होते, त्यातही राहिला तर वर्ग तोच राहतो. पण आठवी पूर्ण होईपर्यंत कोणतीही शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. शाळा काढत नाही, मग आपणच का काढायचं?

चौथा सांधा: दहावीचा निकाल

दहावी नापास हा शब्द आपल्याकडे फार मोठा करून ठेवला आहे. निकालानंतर लगेच जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. वर्ष वाया जात नाही. वाया जातात ते निकालानंतरचे आठ दिवस. घरात शिव्या बसतात, पोरगं मामाकडे पुण्याला निघून जातं आणि पुरवणीच्या फॉर्मची तारीख निघून जाते.

पास झालेल्यांसाठीही एक नवी पायरी आली आहे. २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. आता मोबाइल नंबर, ओटीपी, पसंतीक्रम, फेऱ्या. घरातला एकच फोन अब्बांकडे ट्रकवर असेल तर ओटीपी कुठे येणार? दहावीच्या परीक्षेआधीच, गावात जो माणूस घरी असतो त्याचा नंबर शाळेत नोंदवून ठेवा.

नावाची भानगड

कागदांमुळेही मुलं अडकतात आणि आपल्या नावांमुळे जरा जास्तच. मराठवाड्यात आपली नावं 'शेख अमुक शेख तमुक' अशी लिहिण्याची पद्धत आहे. आडनाव आधी आणि बापाच्या नावाआधी पुन्हा. आधारवर आडनाव शेवटी जातं. जन्मदाखल्यावर अम्मीच्या नावापुढे 'बी' असतं, बँकेत 'बेगम' होतं. मग शाळेची नोंद आणि आधार जुळत नाही आणि शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात येत नाहीत.

शाळेतली नोंद मूल शाळेत आहे तोवर दुरुस्त होते. मुख्याध्यापकांमार्फत पुराव्यासह शिक्षण विभागाकडे प्रस्ताव जातो. दाखला निघाल्यावर, आणि दहावीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर, हेच काम फार जड होतं. म्हणून सातवी-आठवीतच एका संध्याकाळी आधार, जन्मदाखला आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

सुटलेली शाळा परत धरता येते

तीन रस्ते आहेत. वय १४ च्या आत असेल तर जवळच्या शाळेत थेट वयानुरूप प्रवेश. त्यासाठी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं, २०२२ च्या जुलैत 'मिशन झिरो ड्रॉपआउट' राबवलं गेलं ते त्यासाठीच. दुसरा रस्ता म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेला मुलगा किंवा मुलगी खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसू शकते. हा फॉर्म आता ऑनलाइन भरतात आणि जवळच्या हायस्कूलमध्ये त्याची माहिती मिळते. तिसरा रस्ता मुक्त विद्यालयाचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहेच, शिवाय राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. त्यात पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा देता येतात. काम करणाऱ्या मुलाला आणि लग्न झालेल्या मुलीलासुद्धा हा दरवाजा उघडा आहे.

गल्लीनं काय करायचं

प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. आपल्यातली किती जणं त्या बैठकीला जातात? अम्मींनी जावं, असं आम्ही मुद्दाम सांगतो. कोणत्या घरातलं लेकरू चार दिवसांपासून दिसत नाही, हे त्यांनाच आधी कळतं.

आणि एक यादी करा. दर जूनमध्ये, जुम्याच्या नमाजनंतर दहा मिनिटं बसून, आपल्या गल्लीतली चौथी, पाचवी, आठवी आणि दहावी झालेली मुलं-मुली लिहून काढा. नावासमोर एकच रकाना: 'पुढची शाळा'. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ज्याच्यासमोर तो रकाना रिकामा असेल, त्याच्या घरी दोन माणसांनी जावं. भाषण द्यायला नको. काय अडलंय, एवढं विचारायचं. पास अडला असेल, दाखला अडला असेल, गणवेशाचे पैसे अडले असतील. बहुतेक वेळा अडलेली गोष्ट छोटी असते.

आम्ही आता दाखल्याच्या रजिस्टरशेजारी एक साधी वही ठेवतो. दाखला नेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे नव्या शाळेचं नाव आणि घरचा फोन नंबर. १५ जुलैला आम्ही फोन लावतो. गेल्या वर्षी त्या वहीतली तीन नावं रिकामी राहिली होती. त्यातली दोन मुलं शाळेत बसली. एका मुलीचं घर आम्ही पोहोचेपर्यंत गाव सोडून गेलं होतं. तिच्या नावापुढचा रकाना अजून कोराच आहे.

हॉटेलातल्या त्या मुलाला नंतर १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला. दिवसा काम आणि रात्री अभ्यास. पहिल्या वेळी गणित आणि इंग्रजी राहिलं. पुरवणीत इंग्रजी निघालं. गणित निघायला आणखी एक वर्ष गेलं. शाळेत राहिला असता तर जे सोळाव्या वर्षी झालं असतं, ते एकोणिसाव्या वर्षी झालं. मधली तीन वर्षं त्याची होती, पण ती घालवण्यात आमच्या एका सहीचाही वाटा होता, हे आम्ही विसरत नाही.

आपल्या घरात या जूनमध्ये कोणी चौथी, पाचवी, आठवी किंवा दहावी पूर्ण करत असेल तर दाखला कपाटात ठेवू नका. हातात घ्या आणि पोराला बरोबर घेऊन त्याच आठवड्यात पुढच्या शाळेच्या दारात उभे राहा.